पॉइंट, पेंढी आणि जोड: सांख्यिकीच्या एका वर्गातील प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कोल्हापुरातील एका महाविद्यालयात मी वाणिज्य शाखेच्या द्वितीय वर्षाला व्यवसाय सांख्यिकी शिकवते. या लेखात त्या वर्गातील एका सत्राची हकीकत आहे. महाविद्यालयाचे नाव, वर्ष आणि विद्यार्थ्यांची ओळख पटेल असे तपशील मी मुद्दाम गाळले आहेत. निर्णय आणि त्यांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, कारण चुका कोणत्या क्रमाने झाल्या हे कळल्याशिवाय या प्रकरणाचा दुसऱ्या शिक्षकाला उपयोग होणार नाही.

वर्गाचा पट साठ-सत्तरच्या घरातला. त्यात शहरातल्या पेठांतली मुले होती, तशीच गगनबावडा, पन्हाळा, राधानगरी या बाजूंनी रोज एसटीने येणारी होती. काही शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांची होती, तर काही सकाळी वर्ग करून दुपारी उद्यमनगरात किंवा हुपरीच्या चांदीकामात हात लावणारी होती. निम्म्याहून अधिक मुले मराठी माध्यमातून आलेली होती. सांख्यिकीचा विषय मात्र त्यांच्यासमोर येतो तो इंग्रजी संज्ञांच्या रूपात. मध्य, मध्यक, बहुलक हे शब्द शाळेत शिकलेला विद्यार्थी महाविद्यालयात त्याच कल्पनांना नव्या नावाने भेटतो आणि आपल्याला हे कधी आलेच नव्हते असे समजून गप्प बसतो.

अडचण

अडचण हजेरीची नव्हती. 75 टक्क्यांच्या अटीमुळे मुले वर्गात येत होती. पहिल्या दोन बाकांवरची सात-आठ मुले उत्तरे देत, बाकीची माझे फळ्यावरचे गणित वहीत उतरवून घेत. मी प्रश्न विचारला की वर्गात एक विशिष्ट शांतता पसरे आणि नेहमीच्या मुलांपैकी कुणीतरी ती मोडेपर्यंत सगळेजण वाट बघत. प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) काढायला सांगितले तर सूत्रात आकडे भरून उत्तर येई, पण आलेले उत्तर त्या दुकानाच्या विक्रीविषयी काय सांगते असे विचारले की वही मिटलेली असे. मागच्या सत्राच्या उत्तरपत्रिकांतही हेच दिसत होते: आकडेमोड पूर्ण आणि अन्वयार्थाच्या जागी कोरा कागद.

मला जे बदलायचे होते ते नेमके हे होते. मुलांनी चुकीचे का होईना पण बोलावे, आणि आकड्यामागे काय आहे याविषयी त्यांना स्वतःहून प्रश्न पडावा. हे उद्दिष्ट मी सत्राच्या सुरुवातीला कागदावर लिहून ठेवले असते तर पुढचे काही निर्णय वेगळे झाले असते. मी ते लिहिले नाही. मनात ‘मुलांचा सहभाग वाढवायचा’ एवढेच मोघम वाक्य होते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न बदलता उदाहरणे वाढवण्याचा होता. तो मी दोन वर्षे करून पाहिला होता. दुसरा पर्याय वर्गातील सहभागाला अंतर्गत मूल्यमापनात सरळ गुण देण्याचा होता. त्यात बोलक्या मुलांनाच लाभ होईल ही भीती होती, म्हणून मी तो एकटा स्वीकारला नाही. पण पुढे तो मागच्या दाराने आत आला, ते ओघात येईलच.

तिसरा पर्याय गेमिफिकेशनचा. खेळाच्या रचनेतील घटक खेळाबाहेरच्या कामात वापरणे, अशी त्याची सुटसुटीत व्याख्या सेबॅस्टियन डिटर्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडली. शिक्षकांच्या चर्चेत त्याचा अर्थ बहुधा तीनच गोष्टींपुरता उरतो: पॉइंट, बॅज आणि क्रमवारीची यादी. मीही तिथूनच सुरुवात केली, कारण या तिन्ही गोष्टी एका वहीत आणि एका फळ्यावर मावतात, त्यांना वेगळा खर्च लागत नाही आणि मुलांना त्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

याविरुद्ध जाणारे पुरावे मला ठाऊक नव्हते असे नाही. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये बालवाडीतील मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: ज्यांना चित्र काढण्याआधी बक्षिसाचे आश्वासन मिळाले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळेत चित्राकडे कमी वळली. महाविद्यालयीन वर्गांविषयी मायकेल हॅनस आणि जेसी फॉक्स यांचा 2015 मधील अभ्यास तर थेट याच विषयावर आहे. एकच अभ्यासक्रम दोन वर्गांना शिकवला गेला. एका वर्गात बॅज आणि क्रमवारीची यादी होती, दुसऱ्यात नव्हती. सोळा आठवड्यांत बॅजवाल्या वर्गाची प्रेरणा आणि समाधान दुसऱ्या वर्गाच्या तुलनेत घसरले. मी हे वाचले होते आणि तरीही आपला वर्ग लहान, आपली मुले ओळखीची, म्हणून आपल्याकडे असे होणार नाही असे धरून चालले. वाचलेले माहीत असणे आणि ते आपल्याला लागू आहे असे मानणे यांत जे अंतर असते, त्यातून हे प्रकरण घडले.

चौथा पर्याय बाजाराचा होता. निर्देशांक (भावांतला बदल एका आकड्यात सांगणारे माप) हा घटक शिकवताना मुलांना गटागटाने मंडईत पाठवायचे, प्रत्येक गटाने एका कुटुंबाची टोपली ठरवायची, दर आठवड्याला तेच जिन्नस, त्याच प्रमाणात, काय भावाने मिळतात ते नोंदवायचे आणि सत्राच्या शेवटी लास्पेयर, पाशे आणि फिशर यांच्या पद्धतींनी निर्देशांक काढायचा. हा पर्याय मला मनापासून आवडला होता. मी तो तिसऱ्या पर्यायाच्या आत बसवला, म्हणजे मंडईच्या नोंदींनाही पॉइंट ठेवले.

पहिले सहा आठवडे

सत्र जुलैच्या सुरुवातीला चालू झाले. पहिल्याच तासाला मी नियम सांगितले. वर्गात उत्तर दिल्यास पॉइंट, आठवड्याच्या मोबाइलवरील प्रश्नमंजुषेत पॉइंट, मंडईचा तक्ता शनिवारपर्यंत दिल्यास गटाला पॉइंट, आणि सलग हजेरीला वाढत जाणारा बोनस. दर सोमवारी पहिल्या दहा नावांची यादी वर्गाच्या सूचनाफलकावर लागणार होती.

एका मुलाने लगेच विचारले, “मॅडम, ह्या पॉइंटचे मार्क मिळणार काय?” मी क्षणभर थांबले आणि अंतर्गत मूल्यमापनातील पाच गुण यावर देईन असे म्हणाले. सत्रातला सर्वांत महागात पडलेला निर्णय हा होता, आणि तो मी अर्ध्या मिनिटात घेतला. विभागप्रमुख सरांशी बोलून दुसऱ्या दिवशी सांगते, एवढे म्हणाले असते तरी पुरे होते.

सुरुवातीचे तीन आठवडे वर्ग बदलल्यासारखा वाटला. हात वर येऊ लागले. प्रश्नमंजुषेच्या दिवशी मुले तासाआधी येऊन बसत. गटांना नावे ठेवायची मोकळीक मी दिली होती. कोल्हापुरात गट म्हटले की काय होणार हे शाहू स्टेडियमवर पेठांचे फुटबॉल सामने पाहिलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. दोन गटांनी पेठांची नावे घेतली, त्यांच्यात ईर्ष्या सुरू झाली आणि वर्गात आवाज वाढला. मला तो आवाज फार आवडला. गगनबावड्याच्या एसटीने येणाऱ्या मुलांना त्यात कोणतीच बाजू नव्हती, हे लक्षात यायला मला वेळ लागला.

प्रश्नमंजुषेतही एक गोम होती. आम्ही वापरत असलेल्या खेळात बरोबर उत्तर जितके लवकर द्याल तितके पॉइंट अधिक मिळत. प्रश्न इंग्रजीत होते. इंग्रजी वाक्य दोनदा वाचून अर्थ लावणाऱ्या मुलीचे उत्तर बरोबर असूनही तिला शेजारणीपेक्षा कमी पॉइंट मिळत, म्हणजे मी नकळत सांख्यिकीची नव्हे तर इंग्रजी वाचनाच्या वेगाची परीक्षा घेत होते. शिवाय तळमजल्यावरच्या त्या खोलीत नेटवर्क धड मिळत नसे. एकदा प्रश्न पडद्यावर आला तेव्हा चार-पाच मुलांच्या मोबाइलवर चक्र नुसतेच फिरत होते, आणि त्यांच्यातल्या एकाने मोबाइल शांतपणे बाकावर पालथा ठेवला. तो पुढच्या आठवड्यात प्रश्नमंजुषेच्या तासाला आला नाही.

पंचगंगेचे पाणी आणि सलग हजेरीचा नियम

चौथ्या आठवड्यात पाऊस लागून राहिला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पाणी चढू लागले की इथे घराघरांत सकाळी आधी तो आकडा पाहिला जातो. गगनबावडा मार्गावर पाणी आले, एसटीच्या फेऱ्या बंद झाल्या आणि वर्गातली एक तृतीयांश मुले आठवडाभर घरीच अडकली.

पाणी ओसरल्यावर एक मुलगी तास संपताच माझ्याकडे आली. तोवर तिची हजेरी एकदाही चुकली नव्हती आणि सलग हजेरीच्या बोनसमुळे तिचे नाव पहिल्या दहांत होते. तिने न विचारताच मोबाइलमधला फोटो पुढे केला. बसस्थानकावरच्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या रद्द फेऱ्यांचा तो फोटो होता. “मॅडम, मी येणारच होते, गाडीच सुटली नाही,” असे ती म्हणाली. मी तिला पुराव्याविषयी काहीच विचारले नव्हते. पुरावा द्यावा लागेल असे तिला वाटले, कारण माझ्या नियमाने तिला तसे वाटायला लावले होते.

इथे निर्णयाची पहिली जागा आली. पुरामुळे चुकलेले दिवस मोजायचे नाहीत असे मी जाहीर केले. ते न्याय्य वाटले, पण दोन दिवसांत इतर अर्ज येऊ लागले. एकाला ताप होता, एकाच्या घरी भात लावणीला माणसे मिळत नव्हती, एकाला हुपरीतल्या कामावर सणाच्या ऑर्डरीमुळे सुट्टी मिळाली नव्हती. प्रत्येक कारण खरे होते. कुणाची गैरहजेरी मान्य आणि कुणाची नाही, याचा निवाडा करत मी स्टाफरूममध्ये बसले आहे, असे चित्र तयार झाले. सलग हजेरीचा नियम चांगल्या सवयीसाठी केलेला असतो हे खरे, पण ज्याच्या हातात स्वतःचा वेळ आहे त्यालाच तो पाळता येतो. मी तो नियम पूर्ण काढून टाकला. अपवादांची यादी करत बसण्यापेक्षा नियमच मागे घेणे योग्य होते, याविषयी माझ्या मनात आजही शंका नाही. तो मुळात का केला, एवढीच चुटपुट आहे.

सरासरी आणि मध्यक

सहाव्या आठवड्याच्या शेवटी मी पॉइंटांची वही घेऊन बसले. वर्गाची पॉइंटांची सरासरी दर आठवड्याला वाढत होती आणि विभागाच्या बैठकीत मी ती समाधानाने सांगितलीही होती. त्या दिवशी मध्यक काढला, म्हणजे सर्वांचे पॉइंट चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. तो तिसऱ्या आठवड्यापासून जवळपास हललाच नव्हता.

याचा अर्थ सांख्यिकी शिकवणाऱ्या माणसाला समजावून सांगण्याची गरज पडू नये. दहा जणांत एकाला 200 पॉइंट असतील आणि उरलेल्या नऊ जणांना प्रत्येकी 10, तर सरासरी 29 येते, पण मध्यक 10च राहतो. माझ्या वर्गात तेच चालले होते. वरची मुले एकमेकांशी चढाओढ करत पॉइंट मिळवत होती. खालच्या अर्ध्या वर्गाने खेळ सोडून दिला होता. जे नाव एकदाही पहिल्या दहांत आले नाही त्या नावाच्या मुलाला सोमवारची यादी एवढेच सांगत होती की तू इथे नाहीस. आधी ही मुले नुसती गप्प होती. आता गप्प असल्याची नोंद भिंतीवर लागत होती.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. कपिलतीर्थ मंडईचे भाव नोंदवणाऱ्या गटाने शनिवारी तक्ता दिला नाही. नियमाप्रमाणे त्यांना शून्य पॉइंट मिळाले. सोमवारी मी कारण विचारले तेव्हा गटातली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मेथीचा काय भाव लिहायचा ते आम्हाला कळेना.” त्यांनी सांगितलेली हकीकत अशी: तीन आठवडे मेथीच्या पेंढीचा भाव तोच होता, म्हणून तक्त्यात महागाई दिसत नव्हती. पण या वेळी पेंढी हातात घेतल्यावर ती हलकी वाटली. त्यांनी भाजीवाल्या मावशींना ती तराजूत ठेवायला सांगितली. मावशींनी ठेवलीही आणि पावसात माल कमी आला की भाव तोच ठेवून पेंढी बारीक बांधतात, असे सांगितले. आधीच्या आठवड्यांतले वजन गटाकडे नव्हते. मग मेथी महागली असे लिहायचे की नाही, आणि लिहायचे तर किती, यावर त्यांचा शनिवार वादात गेला.

निर्देशांकाच्या घटकातला हा गाभ्याचा प्रश्न आहे. लास्पेयरच्या पद्धतीत आपण आधारवर्षाचे (ज्या वर्षाशी तुलना करायची त्या वर्षाचे) परिमाण कायम धरतो, पाशेच्या पद्धतीत चालू वर्षाचे घेतो, पण दोन्हींत एक गोष्ट गृहीत असते: ज्याला आपण एक नग म्हणतो तो आजही तोच नग आहे. ती पेंढी तराजूत ठेवणाऱ्या चार मुलांनी हे गृहीतक पुस्तक न उघडता पकडले होते. सत्राच्या सुरुवातीला मला जे हवे होते ते हेच. आणि माझ्या खेळात त्याला शून्य पॉइंट होते, तर भाव डोळे मिटून उतरवून शनिवारी वेळेत तक्ता देणाऱ्या गटांना पूर्ण पॉइंट होते.

जोड

सातव्या आठवड्याचा एक तास मी न शिकवता वर्गाशी बोलण्यात घालवला. सरासरी आणि मध्यक फळ्यावर मांडले, कुणाचेही नाव न घेता पॉइंटांचे वितरण दाखवले आणि काय दिसते असे विचारले. बराच वेळ नेहमीची मुलेच बोलली. मग शेवटच्या बाकावरचा, रोज पहाटे तालमीत जाणारा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आमच्यात वस्ताद जोड बघून कुस्ती लावतात. सत्तर किलोच्या पोराला नव्वदच्या पुढं कुणी उभा करत न्हाई. यादीत तसंच झालंय.”

खासबागच्या कुस्ती मैदानाची परंपरा असलेल्या गावात हे वाक्य समजावून द्यावे लागत नाही. जोड म्हणजे तोलामोलाचा प्रतिस्पर्धी. कुस्ती रंगते ती दोघांनाही जिंकण्याची आशा असते म्हणून, आणि कुस्ती बरोबरीत सुटली तरी त्यात कमीपणा नसतो. क्रमवारीच्या यादीत मात्र पहिला आणि शेवटचा एकाच आखाड्यात असतात, आणि निकाल आधीच सर्वांना ठाऊक असतो. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीत प्रेरणेसाठी स्वायत्तता, आपल्याला जमते आहे ही जाणीव आणि आपलेपणा या तीन गरजा सांगितल्या आहेत. माझ्या यादीने यातली मधली गरज अर्ध्या वर्गाची हिरावून घेतली होती, हे मला त्या मुलाच्या बोलण्यातून जितके नेमके कळले तितके वाचनातून कळले नव्हते.

दोन मार्ग समोर होते. यादी आहे तशी ठेवून खालच्या मुलांसाठी वेगळी सोपी बक्षिसे ठेवायची, किंवा रचनाच बदलायची. पहिल्या मार्गात वरच्या मुलांचा रोष टळत होता. दुसऱ्यात मला दिलेला शब्द मोडावा लागणार होता. मी दुसरा मार्ग घेतला.

आठव्या आठवड्यापासून सूचनाफलकावरची यादी गेली. त्याऐवजी प्रत्येकाच्या वहीत मागच्या पानावर घटकांचे टप्पे लिहिले आणि ज्याने त्याने आपला टप्पा आपल्या पानावर नोंदवायचा असे ठरले. प्रश्नमंजुषा मोबाइलवरून कागदावर आली, दोन्ही भाषांत झाली आणि वेळेचे बंधन गेले. कोणतीही चाचणी पुन्हा देता येईल आणि त्यातले चांगले गुण धरले जातील, हा नियम आला. वर्गातल्या चढाओढीसाठी दर पंधरवड्याला जोड्या लावल्या; दोघांनी एकमेकांसाठी एकेक गणित तयार करायचे, सोडवायचे आणि अन्वयार्थ दोघांनी मिळून लिहायचा. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडेही तयार नाही असा प्रश्न आणणाऱ्याला शंकेचा पॉइंट मिळू लागला. पहिला शंकेचा पॉइंट पेंढीवाल्या गटाला मिळाला.

पाच गुणांचा प्रश्न उरला होता. विभागप्रमुख सरांशी बोलून मी ते गुण पॉइंटांपासून तोडले आणि मंडईचा प्रकल्प पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला देण्याचे ठरवले. आठव्या आठवड्यापर्यंत जास्त पॉइंट मिळवलेल्या एका मुलीने सर्वांदेखत विचारले, “मग आम्ही एवढं केलं ते कशासाठी?” तिचा राग रास्त होता. मी तिला तसे सांगितले, चूक माझी आहे असेही सांगितले, पण निर्णय बदलला नाही. पुढचे दोन आठवडे तिने वर्गात एकही उत्तर दिले नाही. नंतर ती बोलू लागली, पण पूर्वीइतकी मोकळी झाली असे मला वाटत नाही.

हाती काय आले

सत्राच्या अखेरीस वर्गात बोलणाऱ्या मुलांची संख्या वाढली होती आणि ती वाढ मागच्या बाकांवर होती. अन्वयार्थाच्या प्रश्नाखाली कोरी जागा सोडणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या चाचणीपेक्षा स्पष्टपणे कमी झाले. पुन्हा चाचणी देण्याची सोय सर्वांत जास्त वापरली ती ज्यांनी आधी खेळ सोडला होता त्यांनी. या एका नियमाचा परिणाम मला बाकी सगळ्या घटकांपेक्षा मोठा वाटतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी 2006 मध्ये दाखवले होते की मजकूर पुन्हा वाचण्यापेक्षा त्यावर स्वतःची चाचणी घेतल्यास तो काही दिवसांनंतर अधिक लक्षात राहतो. माझ्या मुलांनी तेच केले, फक्त त्यांना ते दुसरा डाव मिळाल्यासारखे वाटले.

तरीही हा सगळा बदल खेळाच्या घटकांमुळे झाला असे मी म्हणणार नाही. तुलनेसाठी दुसरा वर्ग नव्हता. सत्राच्या उत्तरार्धात माझे स्वतःचे शिकवणेही बदलले होते, आणि परीक्षा जवळ आली की मुले तशीही अधिक लक्ष देतात. वरच्या टोकाच्या मुलांच्या गुणांत काहीच फरक पडला नाही.

मंडईचे प्रकल्प चांगले झाले. पेंढीवाल्या गटाने पुढचे सर्व आठवडे मेथी वजनाने नोंदवली आणि अहवालात दोन निर्देशांक दिले, एक पेंढीच्या भावाने आणि एक किलोच्या भावाने, व दोन्हींतला फरक समजावून सांगितला. गावाकडच्या मुलांना आपापल्या आठवडा बाजारातले भाव घेण्याची मुभा दिली होती. त्यामुळे तोवर गटात नुसते नावापुरते असलेले एक-दोन जण अचानक गटाचे जाणकार झाले, कारण बाजारातली माणसे त्यांच्या ओळखीची होती.

जोडीची पद्धत मात्र सर्वांना मानवली नाही. एका मुलीने जोडी लागल्यावर विचारले, “मला हिच्यासोबत लावलं म्हणजे मी कच्ची आहे का?” तोलामोलाची जोड लावायची तर कुणाचा तोल काय हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवले की मुलांना कळतेच. वस्तादाच्या जोडीवर पोरे विश्वास ठेवतात, कारण त्याने त्यांना वर्षानुवर्षे मातीत पाहिलेले असते. मी एका चाचणीच्या गुणांवरून जोड्या लावत होते. तिसऱ्या पंधरवड्यापासून मी प्रत्येकाला तीन नावांतून निवड करू दिली. त्याने तक्रारी कमी झाल्या, पण मित्रामित्रांच्या जोड्या वाढल्या आणि गणिते सोपी होत गेली. यावर समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

वेगळे काय करता आले असते

पॉइंट कशाला द्यायचे हे ठरवण्याआधी, सत्राच्या शेवटी विद्यार्थ्याने नेमके काय करताना मला दिसायला हवे, हे मी लिहून काढायला हवे होते. जे सहज मोजता येते त्याला मी पॉइंट दिले: हजेरी, वेग, वेळेत दिलेला तक्ता. मुलांनी माझ्या मोजमापाप्रमाणेच वागून दाखवले, त्यात त्यांचा दोष नाही.

पाच गुणांचा शब्द द्यायलाच नको होता. दिल्यानंतर तो सत्राच्या मध्यात मोडणे योग्य होते का, यावर माझे आणि विभागप्रमुख सरांचे मत आजही वेगळे आहे. त्यांच्या मते सत्र संपेपर्यंत नियम चालू ठेवून पुढच्या वर्षी बदलायला हवा होता, कारण शिक्षकाचा शब्द हाही मुलांच्या दृष्टीने एक नियम असतो. माझे म्हणणे असे की अर्ध्या वर्गाने आणखी आठ आठवडे भिंतीवरच्या यादीकडे पाहत बसणे हे त्याहून अधिक नुकसानीचे होते. पण यादी काढून टाकणे आणि गुण तोडणे हे दोन वेगळे निर्णय होते, आणि मी ते एकाच दिवशी, एकाच वाक्यात घेतले. यादी तेव्हाच काढून गुणांचा शब्द सत्रापुरता पाळता आला असता, हे मला त्या मुलीच्या प्रश्नानंतर सुचले.

मध्यक मी पहिल्या पंधरवड्यातच काढायला हवा होता. दर आठवड्याला पाच मिनिटांचे ते काम होते.

पुढच्या सत्रात सूचनाफलकावर यादी नव्हती आणि पॉइंट फक्त शंकांना होते. पुन्हा चाचणी देण्याचा नियम पहिल्या दिवसापासून होता, सलग हजेरीचा बोनस नव्हता. मंडईच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवला आहे. भावाशेजारी आता वजन लिहावे लागते.